सामायिक प्रकल्पातून बाहेर पडण्याची कमांड: तिचे दस्तऐवजीकरण कसे करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या टीमने स्वतःच्या वापरासाठी एक कमांड-लाइन टूल तयार केले आहे. सामायिक प्रकल्पाच्या वर्कस्पेसमधून (सर्वांनी मिळून काम करण्याच्या जागेतून) सदस्याला स्वतःहून बाहेर पडता यावे, म्हणून त्यात ‘लीव्ह’ नावाची कमांड नुकतीच जोडण्यात आली. प्रश्नकर्त्या अभियंत्याने तिच्यासाठी पाच ओळींचे पान लिहिले. त्यात कमांडचे नाव, ती देण्याची रीत, प्रकल्पाचे नाव द्यावे लागते ही सूचना, ‘--फोर्स’ (सक्तीने पुढे जा) हा पर्याय आणि “ही कमांड तुम्हाला प्रकल्पातून काढते” हे एक वाक्य एवढेच होते. तपासणाऱ्या सहकाऱ्याने पान अपुरे आहे म्हणून परत पाठवले, पण नेमके काय राहिले ते सांगितले नाही. मूळ कोडच वीस-पंचवीस ओळींचा असताना त्याच्याविषयी आणखी काय लिहायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मी अठरा वर्षे सॉफ्टवेअरचे तांत्रिक लेखन करत आले आहे, आणि माझ्या अनुभवात बाहेर पडण्याच्या कमांडइतके कमी लिहिले गेलेले आणि त्यामुळे इतके नुकसान करणारे पान दुसरे नाही. प्रकल्पात सामील होण्याचे पान लोक चुकत-माकत वाचतात, चुकले तर पुन्हा प्रयत्न करतात. बाहेर पडण्याच्या पानावर येणारा वाचक मात्र एक कृती करण्याच्या बेतात असतो, आणि ती केल्यानंतर बहुतेक वेळा ते पान पुन्हा उघडण्याचा अधिकारही त्याच्याकडे उरत नाही. तुमच्या सहकाऱ्याने पान परत पाठवले ते योग्यच केले. तुमच्या पाच ओळींत कमांड कशी द्यायची ते आहे. ती दिल्यावर मागे काय राहते, काय जाते आणि कोणाचे काय अडते, याचा मात्र एक शब्दही नाही. या पानाचा गाभा तोच आहे.

सुमारे दहा वर्षांपूर्वी मी एका कंपनीत अशाच कमांडचे पान लिहिले होते. त्यात माझे वाक्य होते: “ही कमांड प्रकल्प तुमच्या यादीतून काढते.” तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नव्हते, कारण कमांड दिल्यावर प्रकल्प यादीत दिसेनासा होई. चाचणी विभागातील एका सहकारी बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी जुने प्रकल्प आवरायला घेतले, ते वाक्य वाचले आणि ‘यादी’ हा शब्द पाहून हे केवळ पडद्यावरचे आवरणे आहे असे समजून कमांड दिली. त्या प्रकल्पाच्या त्या एकट्याच प्रशासक होत्या. टूलने त्यांना अडवले नाही. रात्रीच्या स्वयंचलित चाचण्या त्यांच्या टोकनवर (पासवर्डऐवजी प्रोग्रामला दिलेल्या डिजिटल किल्लीवर) चालत होत्या, त्या बंद पडल्या आणि सोमवारी सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. उरलेल्या सदस्यांपैकी कोणालाही त्यांना परत निमंत्रण देता येईना, कारण निमंत्रण देण्याचा अधिकार प्रशासकाचा, आणि प्रशासक कोणी उरलाच नव्हता. शेवटी थेट डेटाबेसमध्ये हात घालून दुरुस्ती करावी लागली, त्यात दोन दिवस गेले. बाईंनी पान वाचले होते, नीट वाचले होते. चूक वाक्याची होती आणि वाक्य माझे होते. तेव्हापासून अशा पानाची पहिली ओळ लिहिण्याआधी मी टूल लिहिणाऱ्यांना प्रश्न विचारत बसते. तेच प्रश्न इथे सांगते.

सर्वांत पहिला प्रश्न: तुमच्या टूलमध्ये ‘बाहेर पडणे’ म्हणजे नक्की काय? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, कारण वेगवेगळ्या प्रणालींनी एकाच शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी ठेवल्या आहेत. मॅट्रिक्स या खुल्या संदेशवहन प्रोटोकॉलचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तिथे खोली सोडण्यासाठी ‘लीव्ह’ आणि ती विसरण्यासाठी ‘फर्गेट’ अशा दोन स्वतंत्र विनंत्या आहेत. खोली सोडल्यावर माणूस सदस्य राहत नाही. ‘फर्गेट’ केल्यावर त्याला त्या खोलीचा जुना इतिहासही मागवता येत नाही. जो अजून खोलीत आहे त्याला ती विसरता येत नाही, आधी सोडावी लागते. एका सर्व्हरवरील सगळ्याच वापरकर्त्यांनी खोली विसरली, तर त्या सर्व्हरला ती पुसून टाकण्याची मुभा मिळते. म्हणजे सदस्यत्व संपणे, इतिहास दिसेनासा होणे आणि मजकूर नष्ट होणे या तीन पायऱ्या त्या प्रोटोकॉलने वेगळ्या ठेवल्या आहेत. तुमच्या कमांडने यांपैकी किती पायऱ्या एका दमात उतरल्या जातात, हे पानावर स्पष्ट आले पाहिजे.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या टूलमधील वर्कट्रीचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. एकाच रेपॉझिटरीच्या (म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास यांच्या साठ्याच्या) अनेक शाखांवर, म्हणजे कामाच्या समांतर धारांवर, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये काम करता यावे, म्हणून २०१५ साली गिटच्या २.५ आवृत्तीत वर्कट्री आली. पण ती काढून टाकण्याची स्वतंत्र ‘रिमूव्ह’ कमांड २०१८ साली २.१७ आवृत्तीत आली. मधल्या काळात लोक फोल्डर हाताने पुसत आणि मागे राहिलेली नोंद ‘प्रून’ने साफ करत. आत येण्याची वाट आधी बांधायची आणि बाहेरची वाट नंतर कधीतरी, हा आपल्या व्यवसायाचा जुना प्रघात आहे आणि तो दस्तऐवजांतही उतरतो. आज ‘वर्कट्री रिमूव्ह’ दिल्यावर फोल्डर जाते, पण त्यात उघडलेली शाखा आणि त्या शाखेवरचे कमिट (इतिहासात नोंदवलेले बदल) रेपॉझिटरीत तसेच राहतात. फोल्डरमध्ये कमिट न केलेले बदल असतील किंवा गिटला माहीत नसलेल्या नव्या फाइली असतील, तर कमांड नकार देते आणि ‘--फोर्स’ मागते. वर्कट्रीला कुलूप घातले असेल तर तोच पर्याय दोनदा द्यावा लागतो. आणि मुख्य वर्कट्री या कमांडने काढताच येत नाही. नवशिक्याला भीती वाटते ती शाखा जाण्याची, आणि प्रत्यक्षात जातात ते कमिट न केलेले बदल. वाचकाची भीती एकीकडे आणि खरा धोका दुसरीकडे असेल, तर पानाने दोन्हींची नावे घ्यायला हवीत. भीती खोटी आहे हे सांगितल्याशिवाय वाचक खऱ्या धोक्याच्या वाक्यापर्यंत शांतपणे पोहोचत नाही.

आता मागे काय राहते याकडे वळू. इथे मी गिटहब या गिट रेपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळाचा आधार घेते, कारण बहुतेक वाचकांनी ते वापरलेले असते. एखाद्या संस्थेच्या खाजगी रेपॉझिटरीचा तुम्ही खाजगी फोर्क (स्वतःच्या खात्यातली वेगळी प्रत) केला असेल आणि तुमचे संस्थेतील सदस्यत्व संपले, तर तो फोर्क तुमच्या खात्यात दिसत असूनही तुमच्या हातून जातो. तुमच्या संगणकावर उतरवलेल्या प्रतीला, म्हणजे क्लोनला, मात्र कोणी हात लावत नाही. तो फक्त पुढे सर्व्हरशी जुळवून घेता येत नाही. तुम्ही पूर्वी केलेल्या कमिटमध्ये तुमचे नाव आणि ईमेल पत्ता कोरलेला असतो आणि तो राहतो. हे गिटच्या रचनेतूनच येते: कमिटची ओळख म्हणजे जो हॅश, तो लेखकाच्या नावासह सगळ्या मजकुरावरून काढलेला असतो, त्यामुळे नाव बदलले की तो कमिट आणि त्यानंतरचे सगळे कमिट बदलतात. म्हणून ‘बाहेर पडल्यावर तुमची माहिती काढली जाते’ असे वाक्य कोणी सवयीने लिहिले, तर ते सरळ असत्य ठरते. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण नियमावलीच्या १७ व्या कलमाने आणि भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही व्यक्तीला आपला डेटा पुसण्याची मागणी करण्याचा हक्क दिला आहे. ती मागणी आणि प्रकल्प सोडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पानावर तसे म्हणा, आणि पुसण्याची मागणी कोणाकडे करायची ते एका वाक्यात सांगा.

किल्ल्यांचा भाग लोक हमखास विसरतात. गिटहबवर वैयक्तिक टोकन माणसाला बांधलेले असते. माणसाचा प्रवेश गेला की त्या टोकनवर चालणारी कामेही खाजगी रेपॉझिटरीपर्यंत पोहोचू शकत नाहीत. डिप्लॉय-की, म्हणजे सर्व्हरला एखादी रेपॉझिटरी उघडता यावी म्हणून दिलेली किल्ली, मात्र रेपॉझिटरीला बांधलेली असते. ती तयार करणारा माणूस निघून गेला तरी ती चालूच राहते. एकाच माणसाने एकाच दुपारी तयार केलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याबरोबर मरते आणि दुसरी त्याच्यानंतरही दार उघडत राहते. पहिलीमुळे मागे राहिलेल्यांचे काम अचानक बंद पडते. दुसरीमुळे जो माणूस प्रकल्पात नाही त्याच्या संगणकावर जिवंत किल्ली राहू शकते, आणि तिची आठवण कोणालाच नसते. तुमच्या टूलमध्ये टोकन, एसएसएच-की (सर्व्हरवर प्रवेशाची किल्ली), वेबहुक (काही घडले की दुसऱ्या प्रणालीला आपोआप जाणारा निरोप), वेळापत्रकानुसार चालणारी कामे यांपैकी जे काही असेल त्या प्रत्येकाविषयी ते माणसाचे की प्रकल्पाचे, एवढे एक तरी वाक्य पानावर हवे. फाइलींच्या मालकीलाही हाच प्रश्न लागू होतो. गूगल ड्राइव्हवर ‘माय ड्राइव्ह’मधील फाइल ती तयार करणाऱ्याच्या मालकीची असते, तर शेअर्ड ड्राइव्हमधील फाइल संस्थेच्या मालकीची असते आणि सदस्य गेला तरी तिथेच राहते. दोन्हीकडे पडद्यावर फाइल सारखीच दिसते. फरक कळतो तो माणूस गेल्यावर. (पैशांचाही एक बारीक मुद्दा आहे: गिटहबवर सदस्य कमी झाला म्हणून संस्थेने विकत घेतलेल्या परवान्यांची संख्या आपोआप घटत नाही. तुमच्या टूलला परवाने नसतील तर हे सोडून द्या.)

बाहेर पडलेल्या माणसाला नंतर काय दिसेल, तेही लिहा. ज्या खाजगी रेपॉझिटरीत आपल्याला प्रवेश नाही, तिचा पत्ता उघडला तर गिटहब ‘परवानगी नाही’ असे न म्हणता ‘सापडले नाही’ असे सांगते, म्हणजे ४०३ ऐवजी ४०४ देते. ती रेपॉझिटरी अस्तित्वात आहे हेही परक्याला कळू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. पण दहा मिनिटांपूर्वी सदस्य असलेल्या माणसाला ते पान दिसले की त्याच्या पोटात गोळा येतो: आपण प्रकल्पच पुसला की काय? तुमचा सर्व्हर असेच वागत असेल, तर “बाहेर पडल्यानंतर प्रकल्पाचा पत्ता उघडल्यास ‘सापडले नाही’ असा संदेश येईल, प्रकल्प जागेवरच आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही” हे वाक्य कित्येक घाबरे फोन वाचवते.

यानंतर शेवटचा प्रशासक. माझ्या मते या पानाचा सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद हाच आहे, आणि तो लिहिताना बहुतेक वेळा असे आढळते की टूल लिहिणाऱ्यांनी त्याचा विचारच केलेला नाही. इथे तीन मार्ग संभवतात आणि तिन्ही प्रत्यक्षात वापरात आहेत. गिटहब संस्थेच्या एकमेव मालकाला बाहेर पडू देत नाही. त्याने आधी दुसऱ्या कोणाला मालक करावे लागते. व्हॉट्सॲपच्या गटातून एकमेव ॲडमिन बाहेर पडला, तर उरलेल्यांपैकी कोणीतरी एक सदस्य यदृच्छेने ॲडमिन होतो. मॅट्रिक्सच्या खोलीतून सर्वोच्च अधिकाराचा शेवटचा माणूस गेला आणि त्याने आधी अधिकार दुसऱ्याला दिला नसेल, तर खोली चालू राहते, लोक बोलत राहतात, पण तिचे नियम बदलू शकणारा कोणीच उरत नाही. पहिला मार्ग जाणाऱ्याला अडवतो, दुसरा राहणाऱ्यावर जबाबदारी टाकतो, तिसरा प्रकल्पाला निर्नायक करून सोडतो. सोसायटीच्या गटात यदृच्छेने ॲडमिन झालेला माणूस एक वेळ चालून जाईल; कंपनीच्या सर्व्हरच्या किल्ल्या असलेल्या प्रकल्पात तसे चालणार नाही.

तुमच्या टूलमध्ये काय होते हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर पान लिहिणे तिथेच थांबवा आणि कोड लिहिणाऱ्यांकडे जा. दस्तऐवज लिहिण्याचा हा एक मोठा लाभ आहे की जे वाक्य पूर्ण करता येत नाही, तिथे रचनेतच भोक असते. युनिक्स या संगणकप्रणालीच्या नियमपुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ ची आहे, आणि तिच्या पानांवर तेव्हापासून ‘बग्ज’ असा एक विभाग होता, म्हणजे या कमांडच्या उणिवा कोणत्या ते तिच्याच पानावर लिहिण्याची जागा. ज्यांनी कमांड लिहिल्या त्यांनीच पाने लिहिली, म्हणून हे शक्य झाले असे मला वाटते. तुमच्याकडे दुरुस्ती होईपर्यंत काही आठवडे जाणार असतील, तर पानावर प्रामाणिकपणे लिहा: “तुम्ही एकमेव प्रशासक असलात तरी सध्या ही कमांड तुम्हाला अडवत नाही. आधी दुसरा प्रशासक नेमा.” टीमला असे वाक्य प्रसिद्ध करायला संकोच वाटला, तर दुरुस्ती लवकर होते, हाही अनुभव आहे.

आता प्रत्यक्ष लेखन. परिणाम आधी आणि कमांड नंतर, हा क्रम मी कधीही मोडत नाही. वाचक पानावर येतो, चौकटीतली पहिली कमांड नजरेने शोधतो, ती उचलतो आणि चिकटवतो. चौकटीखालची सूचना तो वाचेल अशी आशा धरणे म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावरून सूचना देण्यासारखे आहे. तुमच्या टूलविषयी मला जेवढे कळले त्यावरून पहिला परिच्छेद मी असा लिहीन:

“ही कमांड दिल्यावर या प्रकल्पातील तुमचे सदस्यत्व लगेच संपते. प्रकल्प, त्यातील फाइली आणि इतर सदस्य जसेच्या तसे राहतात. तुम्ही पूर्वी केलेले बदल आणि टिप्पण्या तुमच्या नावासह प्रकल्पात राहतात. तुमच्या संगणकावरील प्रत पुसली जात नाही. मात्र तिच्यातून सर्व्हरवर काही पाठवता येणार नाही आणि सर्व्हरवरून काही आणता येणार नाही, म्हणून न पाठवलेले बदल आधी पाठवा. तुमच्या वैयक्तिक टोकनवर चालणारी स्वयंचलित कामे त्याच क्षणी बंद पडतात. प्रकल्पात परत येण्यासाठी एखाद्या प्रशासकाने तुम्हाला नव्याने निमंत्रण द्यावे लागते.”

या परिच्छेदात ‘कृपया लक्षात घ्या’ नाही, ‘सावधान’ नाही, लाल चौकट नाही. सात वाक्यांत सात गोष्टी आहेत आणि प्रत्येक वाक्यात कशाचे काय होते ते सांगितले आहे. यातली एखादी गोष्ट तुमच्या टूलला लागू नसेल तर वाक्य बदला. पण वगळू नका, कारण त्या जागी वाचक स्वतःचा अंदाज भरतो. माझ्या त्या जुन्या वाक्यात ‘यादी’ या शब्दाने नेमके तेच घडवले होते.

‘--फोर्स’विषयी माझे मत ठाम आहे. ‘सक्तीने बाहेर पडा’ एवढेच वर्णन कधीही लिहू नये. सक्ती कोणत्या तपासणीवर? गिटची ‘क्लीन’ कमांड मुळातच ‘-एफ’ दिल्याशिवाय काही पुसत नाही आणि ‘-एन’ दिल्यास काय पुसले जाईल ते नुसते दाखवते. क्लाउडवरील सर्व्हर वगैरे संसाधने उभारणाऱ्या टेराफॉर्म या टूलमध्ये वर्कस्पेस पुसताना त्यात संसाधनांची नोंद शिल्लक असेल तर कमांड नकार देते, आणि ‘-फोर्स’ दिल्यास ती संसाधने क्लाउडवर चालूच राहतात, फक्त टेराफॉर्मला त्यांचा विसर पडतो. वापरकर्त्याला बिल येत राहते आणि कशाचे ते शोधावे लागते. ‘फोर्स’ या एका शब्दाआड इतके निरनिराळे अर्थ दडलेले असतात. म्हणून लिहा: “न पाठवलेले बदल असतील तर ही कमांड थांबते. --फोर्स दिल्यास ती थांबत नाही आणि ते बदल सर्व्हरवर जात नाहीत.” आणि उदाहरणांच्या चौकटीत ‘--फोर्स’ असलेली कमांड देऊ नका. पर्यायाचे वर्णन पुरेसे आहे. ज्याला खरेच हवी आहे तो टाइप करेल. कोरडी चाचणी करण्याचा, म्हणजे काही न बदलता काय होईल ते नुसते पाहण्याचा, पर्याय टूलमध्ये असेल, तर मात्र तो उदाहरणांत सर्वांत वर ठेवा. नसेल, तर तो मागून घ्या.

तुम्ही पान मराठीतही लिहिणार आहात, म्हणून भाषेबद्दल थोडे सविस्तर सांगते. तुमच्या मसुद्यातले “ही कमांड तुम्हाला प्रकल्पातून काढते” हे वाक्य मराठी कानाला हकालपट्टीसारखे लागते. कामावरून काढतात, शाळेतून काढतात. इथे माणूस स्वतःच्या इच्छेने जातो आहे. तेव्हा ‘बाहेर पडणे’ हेच क्रियापद योग्य. ‘काढणे’ या क्रियापदाची दुसरी अडचण अधिक खोल आहे: आपण बँकेत खाते काढतो म्हणजे ते उघडतो, दुकान काढतो म्हणजे सुरू करतो, आणि पैसे काढतो म्हणजे बाहेर आणतो. ‘सदस्यत्व काढा’ असे बटणावर लिहिले तर नवे सदस्यत्व घ्यायचे की असलेले संपवायचे, हे वाचकाला संदर्भावरून ओळखावे लागते. तसेच ‘प्रकल्प सोडणे’ याचा अर्थ ‘तो हाती घेतलेला उद्योग अर्धवट टाकणे’ असाही होतो; बोलण्यात हरकत नाही, पण पानाच्या शीर्षकात ‘प्रकल्पातून बाहेर पडणे’ अधिक निःसंदिग्ध आहे. ‘हटवणे’ किंवा ‘पुसणे’ हे शब्द केवळ जिथे मजकूर खरोखर नष्ट होतो तिथेच वापरा आणि पूर्ण दस्तऐवजात तो नियम पाळा.

सर्वनामांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. औपचारिक लेखनात आपण सहज ‘आपण’ वापरतो. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्हीही आणि तुम्ही-आम्ही मिळून सगळेही. “आपण बाहेर पडल्यावर आपल्या फाइली प्रकल्पात राहतील” या वाक्यात फाइली त्या एका माणसाच्या की साऱ्या टीमच्या? इतर कुठल्या पानावर हे खपून जाईल, पण इथे जाणारा एक आणि राहणारे अनेक यांच्यातला फरक हाच विषय आहे. म्हणून या पानावर सरसकट ‘तुम्ही’ आणि ‘तुमच्या’ लिहा, आणि मागे राहणाऱ्यांसाठी ‘इतर सदस्य’. त्यात अनादर काही नाही. कर्मणी रचनाही टाळा. “प्रवेश रद्द केला जाईल” यात कोण रद्द करणार, कधी करणार, हे दिसत नाही. “तुमचा प्रवेश लगेच संपतो” यात दिसते.

चूक झाल्यावर टूल दाखवते त्या संदेशांचा तक्ता द्या, पण तो लांबवू नका. टूल जे संदेश छापते ते अक्षरशः तसेच उद्धृत करा, कारण लोक संदेशाचे शब्द शोधूनच पानावर येतात. प्रत्येक संदेशापुढे पुढची कृती लिहा. यशस्वी झाल्यास एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो निकालाचा आकडा) शून्य, हे कमांड वापरणाऱ्या सर्वांना माहीत असते. खरा प्रश्न असतो तो आधीच बाहेर पडलेल्या माणसाने कमांड पुन्हा दिली तर काय, याचा. स्क्रिप्टमधून कमांड चालवणाऱ्याला याचे उत्तर लागतेच. “तुम्ही सदस्य नाही” म्हणून चूक द्यावी, की हवी ती स्थिती आधीच आहे म्हणून शून्य द्यावे, याबद्दल दोन्ही मते ऐकू येतात. मी दुसऱ्या मताची आहे, पण तुमचे टूल जे करते ते लिहा.

परत येण्याची वाट स्वतंत्र उपशीर्षकाखाली द्यावी. गिटहबवर संस्थेतून गेलेल्या सदस्याला तीन महिन्यांच्या आत परत घेतले, तर त्याचे पूर्वीचे अधिकार आणि खाजगी फोर्क पुन्हा मिळवून देता येतात. त्यानंतर नव्याने सुरुवात. अशी मुदत तुमच्याकडे असेल तर आकडा लिहा, आणि मुदत कोणत्या क्षणापासून मोजायची तेही लिहा. नसेल, तर “पूर्वीच्या परवानग्या आपोआप परत मिळत नाहीत” हे वाक्य पुरेसे आहे. निमंत्रण देण्याचा अधिकार कोणाला, हे इथे पुन्हा लिहायला कचरू नका; वाचक इथे वरचा परिच्छेद न वाचता थेट उडी मारून आलेला असतो, आणि बहुधा तो आता प्रकल्पाबाहेर असतो. यामुळेच आणखी एक गोष्ट आधी तपासा: हे पान प्रकल्पाच्या आतल्या विकीवर तर ठेवलेले नाही ना? तसे असेल तर ज्याला परत यायचे आहे त्यालाच ते उघडता येणार नाही. ते सदस्यत्वाशिवाय दिसेल अशा ठिकाणी हलवा, आणि कमांड यशस्वी झाल्यावर जो संदेश छापला जातो त्यात त्या पानाचा पत्ता घाला.

पान पूर्ण झाल्यावर एक टाकाऊ प्रकल्प तयार करून दोन खात्यांनी ते करून पाहा, आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवा. जाणाऱ्याला काय दिसते ते बहुतेक जण तपासतात. राहणाऱ्याला सूचना जाते का, कोणाला जाते, हे पाहायचे राहून जाते. व्हॉट्सॲपने २०२२ साली हा नियम बदलला, तेव्हापासून कोणी गट सोडला की त्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते. त्याआधी ती सगळ्या गटाला दिसत असे. लोकांना या तपशिलाची किती काळजी असते हे त्यावरून कळावे. तुमच्या टूलमध्ये सूचना सगळ्यांना जात असेल, तर जाणाऱ्याला ते कमांड देण्याआधी कळले पाहिजे, म्हणजे टीमला स्वतःच्या शब्दांत आधी सांगण्याची संधी त्याला मिळते. वर दिलेल्या माझ्या परिच्छेदात हे आठवे वाक्य तुम्ही तपासून घालावे. तपासणी शक्यतो अशा सहकाऱ्याकडून करवून घ्या ज्याने टूल लिहिलेले नाही, आणि त्याला फक्त पान द्या, तोंडी काही सांगू नका; तो जिथे थांबून तुमच्याकडे पाहील, तिथे अजून एक वाक्य लागणार आहे.